आई-बाबांना, सही केल्यानंतर

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आई, हे आधी तू वाच, मग बाबांचा नाश्ता आणि गोळी झाल्यावर त्यांना दे. फोनवरच सांगणार होते, पण बाबांनी मधेच फोन ठेवला असता आणि मी इकडे रडत बसले असते.

सोमवारी मी काकांविरुद्धच्या जमिनीच्या दाव्यातून माझं नाव काढून घ्यायच्या अर्जावर सही केली. बाबा, तुमचा दावा आहे तसाच आहे, तुमच्या वाट्याला मी हात लावलेला नाही, वकिलांकडून दोनदा समजून घेतलं मगच पेन उचललं. काका गोड बोलले म्हणून नाही केलं. मोठेपणासाठी पण नाही, फ्लॅटचे हप्ते अजून चालू आहेत, पैसा मलाही हवाच आहे.

त्या रात्री बाबांचं बीपी 180 झालं आणि मी दवाखान्याच्या बाकड्यावर प्रार्थनेला डोळे मिटले, तर डोक्यात काय यावं, काका भेटायला आले तर त्यांना काय काय सुनवायचं! वाक्यं सगळी तयार होती, एकसुद्धा शोधावं लागलं नाही. बाप आत झोपलाय आणि मी भांडणाची प्रॅक्टिस करतेय. स्वतःचीच भीती वाटली मला.

आई, तुला आठवतं का, रात्रीच्या प्रार्थनेआधी तू आम्हाला विचारायचीस, आज कुणाबद्दल वाईट मनात आलं? मी एकदा सांगितलं होतं, गणिताच्या बाई सायकलवरून पडाव्यात असं वाटलं. तू ओरडली नाहीस, फक्त त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करायला लावलीस, आठवडाभर. शेवटी शेवटी मला त्यांची साडी पण आवडायला लागली होती. तो प्रश्न आपल्या घरात बंद कधी झाला गं? मला वाटतं कोर्टाची फाईल कपाटात आली तेव्हापासूनच.

बाबा, तुम्ही म्हणाल, बायबलात पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात, 4:8 मध्ये, ‘जे काही न्याय्य’ त्याचं मनन करा असंही लिहिलंय. लिहिलंय की. आणि ‘सत्य’ त्याच्याही आधी आहे, म्हणून काकांनी केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. पण त्याच अध्यायात थोडं वर बघा, युवदीया आणि सुंतुखे, दोन बायकांचं पटत नव्हतं, पौल त्यांना नाव घेऊन एकचित्त व्हा म्हणतो. कशावरून भांडण होतं, चूक कुणाची, एक शब्द नाही. आणि हा माणूस लिहितोय बेड्यांत बसून, बाहेर काहीजण त्याला त्रास व्हावा म्हणून मुद्दाम प्रचार करतायत, तरी पहिल्या अध्यायात तो म्हणतो ख्रिस्ताची घोषणा होतेय ना, मग मला आनंद आहे. मला हे जमत नाही हो. पण मनन कशाचं करायचं हे तर आपल्या हातात आहे ना, आणि अकरा वर्षं आपण सर्व्हे नंबरचं मनन केलं. काकांच्या गल्लीतून जायला नको म्हणून भाजीला लांबून जातो. प्रभुभोजनाच्या रविवारी तुम्ही शेवटच्या बाकावर बसता आणि भाकर यायच्या आत उठून जाता. मला वाटायचं गुडघे दुखतात. राग मानू नका बाबा, पण मनात वैर ठेवून ती भाकर घेऊ नये हे तुम्हाला आतून कळतंय म्हणूनच तुम्ही उठता. तुमच्यापेक्षा मीच वाईट, मी आरामात घेत होते.

तुम्ही दावा सोडा असं मी म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

बाकी नवीन गीझर गुरुवारी येईल, माणूस बसवून देईल, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. संडासाशेजारी धरायला दांडी पण लावून घ्यायची, ‘मी काय म्हातारा झालो का’ हे ऐकायचं नाही. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार मी दिलाय. बीपी रोज सकाळी वहीत लिहायचं, खरं लिहायचं. लोणचं, पापड बंद. आई, तू पण शुगर बघ, माझं माझं बरंय म्हणत बसू नकोस.

मी शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय. येताना काकूंकडे थांबणार आहे, त्यांनी सांडगे करून ठेवलेत म्हणे. बाबा नको म्हणाले तरी घरात आणणार. तसेही त्यांना मिळणार नाहीतच, मीठ असतं त्यात.

तुमची,
छकुली