शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरच्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

निघताना तुमचं नाव विचारायचं राहिलं. दादरला गाडीत बसल्यावर ते ध्यानात आलं. ज्यांनी दिवसभर खाऊ घातलं त्यांचं नावही आपण विचारलं नाही, याची चुटपुट बार्शी येईपर्यंत गेली नाही. म्हणून हे पत्र असं उघड लिहितोय. पार्कात रोज फिरायला येणाऱ्या कुणी वाचलं, तर ते तुमच्यापर्यंत पोचवतील.

खूण पटावी म्हणून सांगतो. मे २०२५, भर दुपार. पाच नंबर गेटाच्या अलीकडे कट्ट्यावर बापलेक बसलेले. पोरगा बारा वर्षांचा, मांडीवर किटबॅग आणि तिच्यात तोंड खुपसलेलं. सकाळी एका शिबिराची ट्रायल होती. दहा-बारा चेंडू वाट्याला आले, त्यात दोनदा त्रिफळा उडाला, आणि पुढच्या मुलाला हाक गेली. मी आडतीवर हिशेब लिहिणारा माणूस. गाडीभाडं, नवे पॅड, बुडालेला पगार, सगळं डोक्यात मांडलेलं होतं आणि त्या भरात मी पोराला नको ते बोललो. तुम्ही ते ऐकलंत. मला एका शब्दानं बोलला नाहीत. एवढंच विचारलंत, "पोराच्या पोटात सकाळपासून काही गेलंय का?"

गेलं नव्हतं.

"बसा इथंच," म्हणालात आणि जिमखान्यातून कागदात बांधलेले तीन वडापाव घेऊन आलात. लाल चटणी सढळ हातानं, हिरवी नावापुरती आणि वर थोडी चिंचेची. "सचिननं स्वतः सांगितलंय, त्याचा सगळ्यांत आवडता वडापाव इथला, आणि तो असाच खायचा." तेव्हा पोरानं पहिल्यांदा मान वर केली. आमच्याकडे वडापावाला तळलेली मिरची आणि लसणाची चटणी, संपला विषय. आधी तिखट, मग जिभेच्या कडेला आंबटगोड, असा वडापाव त्यानं कधी खाल्ला नव्हता. तीन घासांत संपवला. तुमच्या हातातला तुम्ही न खाताच त्याच्यापुढे धरलात, हे मला उशिरा दिसलं.

तो खात असताना तुम्ही १९८४ सालची गोष्ट काढलीत. अकरा वर्षांचा सचिन याच मैदानावर प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या नेटमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा बावरला होता, त्याला काही जमेना. मग थोरल्या भावानं, अजितनं, सरांना विनंती केली की तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सर झाडामागे उभे राहिले आणि पोरगा मोकळा खेळला. ऐकून माझा मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यालापण दुसऱ्यांदा बघितलं?" तुम्ही फक्त "हो" म्हणालात. पुढे उपदेशाचं एक वाक्यही जोडलं नाहीत, त्याबद्दल तुमचे वेगळे आभार मानतो.

मग आम्हाला गेटाजवळ सरांच्या स्मारकापाशी नेलंत. डिसेंबर २०२४ मध्ये ते उभं राहिलं, सचिन तेव्हा आला होता, हे तुम्ही घरच्या कार्यासारखं सांगत होतात. बॅट, चेंडू, स्टंप आणि सरांची ती टोपी. पोरानं चप्पल काढून नमस्कार केला. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

तिथून गोखले रोडवर प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. पियूषमधल्या जायफळ-केशराचा वास अजून आठवतो. वाटेत शिवसेना भवनासमोरचं आस्वाद दाखवलंत. २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात त्यांची मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली, असं सांगितलंत. पोरानं विचारलं, सचिन इथं काय खायचा? तुम्ही म्हणालात, "जे मला ठाऊक नाही त्याला त्याचं नाव चिकटवणार नाही." याच वाक्यामुळे तुमच्या बाकीच्या प्रत्येक गोष्टीवर माझा विश्वास बसला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो.

परत फिरताना एक ज्यूस सेंटर लागलं आणि पोरगा तिथं रेंगाळला. मी म्हटलं, "चल, आता पुरे." तुम्ही थांबलात. म्हणालात, उन्हाळ्याच्या सुट्टीत सचिन सकाळी नेट, मग मॅच, मग परत नेट आणि शेवटी पॅड-ग्लोव्हजसकट पार्काला फेऱ्या, असा दिवस काढायचा. कधीकधी त्याला न्यायला वडील यायचे. त्या दिवशी त्याचा हट्ट ठरलेला, क्लबाजवळच्या ज्यूस सेंटरवर स्पेशल फ्रूट कॉकटेल. रमेश तेंडुलकर कीर्ती कॉलेजात मराठी शिकवायचे, कवी माणूस, घरात चार मुलं. हा नेहमीचा हट्ट परवडणारा नव्हता, हे सचिनला फार पुढे कळलं. पण वडील दर वेळी तो पुरवायचे, पोराचा चेहरा फुललेला बघायला.

मी खिशात हात घातला तेवढ्यात तुमचाही हात खिशाकडे गेला. तोवर सगळे पैसे तुम्हीच दिले होते, मला देऊच दिले नव्हते. इथं मात्र तुम्ही हात मागे घेतलात. "हे तुम्ही द्या," म्हणालात.

काका, तो ग्लास दोन्ही हातांत धरून पोरानं माझ्याकडे बघितलं. सकाळच्या बोलण्यानंतर पहिल्यांदा. अर्धा प्यायल्यावर "बाबा, घ्या" म्हणून पुढे केला. मला गिळवेना. तुम्ही तेवढा वेळ रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलात.

त्या ग्लासाचे पैसे तुम्ही दिले असते तर मी आभार मानून मोकळा झालो असतो. तुम्ही माझा मुलगा मला परत मिळवून दिलात. हे ऋण फिटायचं नाही आणि मला ते फेडायचंही नाही.

पोरगा खेळतो. अजून कुठे निवड झालेली नाही. रविवारी मैदानावरून येताना एसटी स्टँडजवळ आम्ही दोघं ज्यूस पितो, आणि हिशेबाच्या वहीत तो खर्च मी लिहीत नाही. घरी वडे केले की चिंचेची चटणी तो स्वतः करतो, गूळ जरा जास्तच घालतो.

एकदा बार्शीला या. मुंबईहून रात्री लातूर एक्सप्रेस निघते, पहाटे आमच्याकडे पोचते. भगवंताचं दर्शन घेऊ, मग घरी ज्वारीची गरम भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांच्याकडे फक्त कोणत्या दिवशी निघताय तेवढा निरोप द्या. पोरगा स्टेशनवर उभा असेल, तुमची पिशवी उचलायला.