विद्यावेतनाची ओळ का गाळली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या करिअर पुरवणीतला विकासक्षेत्रातल्या परदेशी इंटर्नशिपवरचा लेख दोनदा वाचला. आधी आशेने, मग चिडून. अर्ज कसा लिहावा, शिफारसपत्र कोणाचे घ्यावे, फ्रेंच येत असेल तर कसा फायदा होतो, सगळे आहे. खर्च कोणी करायचा, यावर मात्र अर्ध्या पानात चकार शब्द नाही.

माझी पुतणी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेतलेली, झाली आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडे दोन वर्षे राहिली. पाड्यापाड्यांवर चालत जाऊन मुलांची वजने घ्यायची, आयांशी बोलायचे, हे तिचे काम. तिची जिनिव्हातल्या एका आंतरराष्ट्रीय कार्यालयात सहा महिन्यांसाठी निवड झाली. आम्ही पेढे वाटले. मग तिने पत्र शेवटपर्यंत वाचून दाखवले: विद्यावेतन नाही; विमान, व्हिसा, विमा, राहणे, जेवण, सगळे उमेदवाराने पाहावे.

आम्ही दोघे भाऊ रात्री हिशेब मांडून बसलो. एका खोलीचे महिन्याचे भाडेच तिच्या संस्थेतल्या सहा महिन्यांच्या पगाराएवढे होत होते. त्या साली अवकाळीने भावाची द्राक्षबाग गेलेली. तरी तो जमीन गहाण टाकायला निघाला होता. पोरगीच म्हणाली, "काका, फुकट राबायला जाण्यासाठी बाबांनी रान गहाण टाकायचं का?" दुसऱ्या दिवशी तिने नकार कळवला. त्या संध्याकाळी ती जेवली नाही, हे मी विसरलेलो नाही.

संयुक्त राष्ट्रांचे सचिवालय इंटर्नना पगार देत नाही. २०१५ मध्ये न्यूझीलंडचा एक तरुण इंटर्न जिनिव्हात तळ्याकाठी तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली होती. ज्या संयुक्त राष्ट्रांनी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, कलम २३ मध्ये, काम करणाऱ्या प्रत्येकाला न्याय्य मोबदल्याचा हक्क आहे असे लिहिले, त्यांच्याच दारातली ही गोष्ट. आणि बदल करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी २०१८ मध्ये तसे ठरवले आणि २०२० पासून तिथल्या इंटर्नना विद्यावेतन मिळू लागले. निम्मे तरी इंटर्न गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले असावेत, हे उद्दिष्टही त्याच निर्णयात होते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात निर्वाहभत्ता मिळतो. आमच्यासारख्या घरांना नेमकी हीच माहिती हवी असते आणि तुमच्या लेखात तीच नाही.

जामखेडला १९७० पासून चाललेले गावातल्या बायकांच्या हातचे आरोग्याचे काम शिकायला परदेशातून लोक येतात. म्हणजे अशा कामाची किंमत जगाला कळते. मग तेच काम पायाला फोड येईपर्यंत केलेल्या मुलीची जागा बापाच्या बँकखात्यावर का ठरावी?

आणखी एक. त्याच लेखाखाली 'अनाथ मुलांसोबत दोन आठवडे, कंबोडिया' अशी फी आकारणाऱ्या एजन्सीची जाहिरात आहे. कंबोडियातल्या अशा अनाथालयांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे युनिसेफने कधीच सांगितले आहे. पैसे भरून येणारे पाहुणे आहेत म्हणून मुले घरापासून तोडली जातात. दर पंधरवड्याला नवी ताई, नवा दादा येतो आणि निघून जातो. त्या लेकरांनी जीव कोणाला लावायचा? ही जाहिरात घेण्यापूर्वी कोणी विचार केला होता का?

माझे मागणे छोटे आहे. पुरवणीत इंटर्नशिपची संधी छापताना प्रत्येकीपुढे विद्यावेतन किती आणि प्रवासखर्च कोणाचा, एवढे दोन शब्द छापा. पुतणी पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज भरणार आहे. पुरवणी तीही वाचते.

आपला,
एक वाचक, तासगाव