माप न घेता दिलेली व्हीलचेअर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांगांना आणि ज्येष्ठांना मोफत साहित्य वाटल्याच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर वरचेवर असतात. फोटोत मान्यवर असतात, मागे तीनचाकी सायकलींची रांग असते. कोणाला काय द्यायचे हे कोणी आणि काय तपासून ठरवले, ते मात्र छापून येत नाही. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करताना माझी गाठ पडते ती नेमकी त्याच्याशी.

परवा एक आजी आल्या. दुखतो उजवा गुडघा, काठीही उजव्याच हातात, आणि काठी इतकी उंच की खांदा कानाला टेकायचा बाकी. काठी उत्तम होती, बटण दाबले की उंची कमी-जास्त होणारी. ते बटण कशासाठी आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. हात सरळ खाली सोडल्यावर मनगट जिथे येते तिथे मूठ हवी आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, एवढे सांगायला दोन मिनिटे पुरतात. आजी मात्र आता गुडघ्याबरोबर खांद्याच्याही गोळ्या घेतात.

व्हीलचेअरचे दुखणे याहून मोठे. सरसकट दिली जाते ती साधारण 18 इंची बैठकीची. किडकिडीत माणूस तिच्यात एका अंगाला कलतो. कमरेखाली संवेदना नसलेल्याला योग्य गादीशिवाय तासन् तास बसवले तर माकडहाडापाशी जखम होते, ती भरायला महिने जातात. शिवाय अशी खुर्ची चाकांसकट 25 इंचांच्या आसपास भरते आणि आपल्याकडे मोरीचे दार असते दोन फुटांचे. हे दार विचारायचे कोणी? माझ्या मते, ज्या डॉक्टरने साहित्याच्या शिफारशीवर सही केली त्यानेच.

दिव्यांगांना साहित्य देणारी केंद्राची ‘एडिप’ योजना 1981 पासून चालू आहे. तिच्यात एकदा साहित्य मिळाले की त्याच कारणासाठी 3 वर्षे पुन्हा मदत मिळत नाही. 12 वर्षांखालील मुलांना 1 वर्ष. नियम रास्त आहे, पण त्यामुळे डॉक्टरने शिफारशीच्या फॉर्मवर घाईत केलेली चुकीची खूण पेशंटला तीन वर्षे भोगावी लागते.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील पात्र ज्येष्ठांच्या खात्यात असे साहित्य घेण्यासाठी 3,000 रुपये थेट जमा होतात. मधले हात गेले, बरे झाले. पण माप घेणाराही त्यांच्याबरोबर गेला. आता माप दुकानदार घेतो. ‘लार्ज न्या, सगळ्यांना बसतो.’ डॉक्टरच्या चिठ्ठीवर नुसते ‘कमरेचा पट्टा’ लिहिलेले असते. किती तास बांधायचा, कधी सोडायचा, काही नाही. (काही चिठ्ठ्यांवर दुकानाचे नाव मात्र ठळक असते.) श्रवणयंत्रांचेही तेच. कानाचा साचा नीट बसत नाही, आवाज लावून देणारा पुन्हा भेटत नाही आणि यंत्र डबीत पडून राहते.

शिबिरात गर्दी असते, एकेका माणसाला वेळ देता येत नाही, हे डॉक्टर मंडळींचे म्हणणे खोटे नाही. मग एका दिवसात तपासायच्या माणसांची संख्या कमी करा. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्येच व्हीलचेअरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तपासणी आणि मापाबरोबर खुर्ची बसवून पाहणे, वापर शिकवणे आणि नंतर पाठपुरावा करणे, हे सगळे देण्याचाच भाग धरले आहे. आपल्याकडे वाटप झाले की फाइल बंद.

मागणी अवघड नाही. शिफारशीच्या फॉर्मवर बैठकीचे आणि घरातल्या दारांचे माप लिहिण्याची जागा असावी. खाली सही करणाऱ्याचे नाव, नोंदणी क्रमांक आणि फोन असावा. वाटपानंतर महिनाभरात साहित्य मिळालेल्यांना उपजिल्हा रुग्णालयात पुन्हा बोलवावे, येऊ शकत नसतील तर आशाताईंनी घरी जाऊन वस्तू वापरात आहे का ते पाहावे आणि तसे सही करणाऱ्याला कळवावे. बसत नसलेली वस्तू बदलून देताना तीन वर्षांची अट लावू नये. त्या बदलाचा अर्ज पेशंटने दारोदार फिरून नव्हे, तर शिफारस करणाऱ्याने स्वतः भरावा.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट, जि. सोलापूर