सीपॅप मशीनसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

2019 च्या महापुरात गावभागात पाणी चढत होते, तेव्हा आपल्या रुग्णसाहित्य केंद्रातले फाउलर बेड (डोक्याकडची बाजू उचलता येणारे रुग्णाचे पलंग) खांद्यावरून माडीवर नेणारी पोरे आता संसाराला लागली. बेड मात्र अजून घरोघरी फिरताहेत. ते दिले मार्केट यार्डातल्या हळद व्यापाऱ्यांनी, तेही नावाची पाटी लावायची नाही या अटीवर! वॉकर आणि कमोड खुर्च्या भिशीच्या महिलांच्या. आणि आपल्या निवृत्त शिक्षिका बाई, यजमान गेल्यावर त्यांचे सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू न देणारे) स्वतः रिक्षातून घेऊन आल्या, सोबत नवा मास्क. या सगळ्यांचे ऋण न फिटणारे.

केंद्रात तेवढे एकच सीपॅप आहे आणि त्यासाठी चार घरे थांबली आहेत. दोघांची मिरजेत पायाच्या रक्तवाहिनीची बायपास व्हायची आहे, एकांच्या महाधमनीला फुगा आहे.

घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, असे आपण म्हणतो. पण स्लीप अ‍ॅप्निया या आजारात झोपेत घसा मिटतो, श्वास दहा-दहा सेकंद किंवा जास्तही थांबतो. तासाला तीसहून अधिक वेळा असे झाले तर आजार तीव्र समजतात. भुलीने आणि जालीम वेदनाशामकांनी घसा आणखी सैल पडतो. ऑक्सिजन उतरतो, रक्तदाब उसळतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तवाहिन्यांच्या रुग्णाचे हृदय बहुधा आधीच थकलेले. ऑपरेशननंतरची पहिली रात्र सुखरूप गेली म्हणून निर्धास्त होता येत नाही, तिसऱ्या रात्रीच्या सुमारास त्रास वाढू शकतो. सीपॅप मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवते. म्हणून घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा पेंगणे हे ऑपरेशनआधीच भूलतज्ज्ञांना सांगा. लाजू नका.

गेल्या वर्षीही हेच लिहिले होते. ग्रुपवर अंगठे भरपूर आले, पावत्या तीन फाटल्या. असो.

चार मशीन हवीत, मास्क-नळ्यांसह खर्च 2 लाखांच्या घरात. मास्क प्रत्येकाला नवा लागतो, तेवढी एक देणगीही चालेल. वापरात नसलेले चालू मशीन असल्यास बिलासह आणावे. चेक केंद्राच्या नावे, रोख दिल्यास पावती मागून घ्यावी. केंद्र संध्याकाळी 6 ते 8, रविवारी बंद. मशीन डॉक्टरांची चिठ्ठी (दाबाचा आकडा लिहिलेली) व अनामत घेऊनच मिळेल, ओळखीवर नाही.

आपला,
कार्यवाह

ता. क. मागच्या पावसाळ्यात नेलेले दोन वॉकर अजून परत आलेले नाहीत. कोणाकडे आहेत ते आम्हाला माहीत आहे.