बंड्याला, गटारीच्या आधी

प्रिय बंड्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. "सुऱ्या, तोंडाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट संपून दीड वर्ष झालं, रिपोर्ट क्लिअर आहेत, आता गटारीला एक पेग तरी घेशील का नाही मर्दा" असं म्हणून जो खो खो हसलायस. फोनवरच उत्तर देणार होतो पण माझा 'स' अजून नीट निघत नाही आणि तू मधेमधे बोलतोस, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं. निवांत वाच, ऑफिसात वाचू नकोस.

पहिलं म्हणजे खरं सांगतो, मी घेऊन बघितलीय. हो. मागच्या तुळशीच्या लग्नानंतर मेहुण्याचं लग्न होतं ना, तिथं हॉलच्या मागं गाडीत नेहमीप्रमाणे पोरं बसलेली, आणि कुणीतरी ग्लास हातात दिला. कुणी आग्रह केला नाही हां, उलट सगळे एकदम गप्प झालेले, मला त्या गप्प बसण्याचाच राग आला आणि मी एक घोट मारला. अरे देवा. व्हिस्की 42.8 टक्के असते हे आपण बाटलीवर आयुष्यभर वाचलं पण 42.8 म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. रेडिएशनचे शेक घेतलेल्या तोंडाची कातडी नुसती पातळ पापुद्र्यासारखी असते, त्यावर ते पडलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी, वर ठसका असा लागला की पाच मिनिटं श्वास मिळेना. गिळण्याचे स्नायू शेकानं आखडलेत, साधं पाणी प्यायलो तरी हनुवटी खाली घेऊन प्यावं लागतं, आणि प्यायलेल्या माणसाला हनुवटीचं कुठलं भान राहतंय. अन्ननलिकेत जायचं ते फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, हे मला नंतर स्वॅलोइंगचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं, चांगलंच झापून.

मग पुढच्या चेकअपला डॉक्टरांना सरळ विचारलं, बायको शेजारी बसलेली असताना विचारलं म्हणजे बघ. मला वाटलेलं हे म्हणतील महिन्यातून एखादी चालेल. ते म्हणाले, "तुमचा गाल आम्ही काढला, बाकीचं तोंड तेच आहे." एवढंच. मग कागदावर गोल काढून समजावलं, की पंधरा वर्षं ज्या तोंडात मावा आणि दारू दोन्ही मुरली त्या तोंडाची, घशाची, अन्ननलिकेची सगळीच कातडी बिघडलेली असते, एका जागी कॅन्सर दिसला म्हणून तिथलं कापलं, पण शेजारची जमीन तीच. तिथं दुसरा नवाच कॅन्सर उगवू शकतो, जुना परत आलेला नव्हे, नवा. आणि जे ट्रीटमेंटनंतरही पीत राहतात त्यांच्यात तो जास्त होतो.

मी म्हटलं मावा तर कायमचा सोडला की हो, मग दारूनं काय होतंय. आपल्या सगळ्यांचं असंच आहे ना बंड्या, तोंडाचा कॅन्सर म्हणजे तंबाखू, सुपारी, गुटखा, दारू फक्त लिव्हरला. तसं नाही. दारू एकटीपण करते, 1988 सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं तिला तंबाखूच्याच पंगतीत बसवलंय. पोटात जायच्या आधी तोंडातलेच जंतू तिचं अॅसिटाल्डिहाइड नावाचं विष करायला लागतात, आणि ते पेशींच्या डीएनएला धरतं. आणि तंबाखूबरोबर घेतली की दारू कातडीतून वाट करून देते, तंबाखूचं विष आत शिरायला सोपं जातं. म्हणजे आपण पेग मारून वर मावा मळायचो ते किती शिस्तीत काम चाललेलं बघ. धोक्याची नुसती बेरीज नाही होत, गुणाकार होतो.

तू म्हणशील मग बिअर घे. मी पण तोच हिशोब घातलेला. स्ट्राँगची 650 ची बाटली 8 टक्क्यांची धरली तर त्यात 52 मिली अल्कोहोल, आणि 60 च्या पेगमध्ये 26 च्या आसपास. म्हणजे एक बाटली बिअर म्हणजे दोन पटियाला नाही पण दोन लार्ज तरी झाले की लेका. आपण कॉलेजात बिअरला दारूत धरायचोच नाही!

तुला माझं रोजचं माहीत नाही कारण तू आलास तेव्हा मी नळीवर होतो आणि नंतर तू पुण्याला गेलास. 30 शेक झाले, सोमवार ते शुक्रवार सहा आठवडे, तोंडावर जाळीचा मास्क टेबलाला स्क्रूनं आवळून, आणि दर आठवड्याला एक केमो. 74 किलोचा 58 झालो. आता 63 आहे. थुंकी जवळजवळ संपलीय, रात्री दोनदा उठून पाणी पितो, थुंकी नाही म्हणून दात किडतात, आणि शेक घेतलेल्या जबड्यातला दात काढायचा म्हणजे हाड सडायची भीती, म्हणून दातांना जिवापाड जपतो. दारूनं तोंड आणखी कोरडं पडतं. दुकानातल्या बऱ्याच माउथवॉशमध्येसुद्धा अल्कोहोल असतं, म्हणून मी मीठ-सोड्याच्या पाण्यानं चूळ भरतो. तोंड उघडतं दोन बोटं. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातात घालायच्या आणि रोज एखादी वाढवायचा प्रयत्न करायचा, असा व्यायाम आहे. गालाला छातीचं मांस लावलेलं, तिथं आतून केस आलेले सुरुवातीला, तोंडात छातीचे केस, विचार कर! शेकानं गेले ते. हे मी कुणाला सांगत नाही.

आणि ऐक, परवा कपाट आवरताना माझं दारूचं परमिट सापडलं. आठवतंय, हजार रुपये भरून मी आजीव काढलेलं आणि तू हसलेलास, कोण काढतंय म्हणून. ते मिळतं आरोग्य राखण्यासाठी लागते या कारणावर. आजीव आणि आरोग्य. बायकोनं वाचलं आणि ती इतकी हसली की मलाही हसू आलं, दीड वर्षात पहिल्यांदा आम्ही दारूच्या विषयावर हसलो.

दारूची आठवण येत नाही असं नाही. येते. पण चवीची नाही येत, संध्याकाळी सहानंतर फोन वाजायचा त्याची येते. आता वाजत नाही. ग्रुपवर बसायचं ठरतं आणि मला कुणी विचारत नाही, सुऱ्याला वाईट वाटेल म्हणून. अरे न विचारल्याचंच वाईट वाटतं. तू एकट्यानं विचारलंस, चुकीचं विचारलंस, पण विचारलंस, त्यावर मी दोन दिवस खूश होतो.

अजून एक, आणि याच्यावर चिडू नकोस. गेल्या दिवाळीत तू वडा खाताना तिखट लागतंय म्हणून बाजूला ठेवलास ते मी बघितलं. माझं तसंच सुरू झालेलं, आधी तिखट झोंबायचं, मग तोंड कमी उघडायला लागलं. आज आरशासमोर उभा राहा, तीन बोटं उभी तोंडात जातात का बघ, गालात आतून पांढरा किंवा लाल चट्टा आहे का बघ. दोन-तीन आठवडे न भरणारं काही असलं तर दाखव. वहिनीला मी काही बोललेलो नाही.

तर गटारीला ये. तुम्ही प्या, मी चार तास बसेन, चकण्यातलं मला काही चालत नाही पण बसेन. तांबडा झेपत नाही आता, पांढरा जातो, ही मिरची-मिरं कमी टाकून वेगळा काढते माझ्यासाठी. मटण एकदम मऊ शिजलेलं लागतं तेवढं त्या खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेव, कोवळं दे म्हणावं, तुझं ऐकतो तो.

तुझा,
सुऱ्या