दाराला हात लावू नका म्हटलं होतं, तरी पुट्टी भरली! पिकअपच्या डेंटिंग-पेंटिंगची तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग
इंदूर, ८ सप्टेंबर २०२५

नमस्कार साहेब / मॅडम,

मी इंदूरला रामबागेत राहते. आमचं केटरिंगचं काम आहे, मुंज, साखरपुडा, डोहाळजेवण, महालक्ष्म्यांचा स्वयंपाक, पन्नास पानांपासून पाचशे पानांपर्यंत सगळं करतो, आणि तुमच्या कंपनीची पिकअप आम्ही २०२१ च्या दसऱ्याला घेतली. गाडीबद्दल काही म्हणणं नाही, इंजिननं आजवर एकदाही दगा दिला नाही. तक्रार तुमच्या इथल्या अधिकृत वर्कशॉपची आहे. जूनमध्ये त्यांनी जे करू नका म्हटलं होतं ते केलं, जे करा म्हटलं होतं ते केलंच नाही, आणि वर मला न विचारता इन्शुरन्सचा क्लेम टाकला. चार चकरा मारल्या, दर वेळी मॅनेजर मीटिंगमध्ये. म्हणून आता तुम्हाला लिहितेय.

आमच्या गाडीला ओरखडे आहेत, पोचे आहेत, कामाची गाडी आहे, असणारच. रोज भगोणी, भट्ट्या, गॅसच्या टाक्या चढतात-उतरतात, पहाटे चोइथराम मंडी, तिथून सियागंजात किराणा, मग रात्री बायपासच्या कुठल्यातरी मॅरेज गार्डनला. प्रत्येक ओरखडा दुरुस्त करायचा म्हटलं तर धंदा बंद करून गाडी तुमच्याकडेच उभी करावी लागेल. त्यामुळे लग्नाचा सीझन आटपल्यावर, पावसाच्या आधी, मी, माझे धाकटे दीर आणि आमचे ड्रायव्हर काका, तिघांनी संध्याकाळी टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरून एकेक जागा पाहिली आणि काय करायचं, काय सोडायचं ते ठरवलं.

काकांची पद्धत साधी आहे, ओरखड्यावरून आडवं नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर ओरखडा वरच्यावर आहे, पॉलिशनं जातो, नाही गेला तरी काही बिघडत नाही. नख अडकलं आणि आत प्राइमर दिसला तर लक्ष ठेवायचं. आणि आत उघडा पत्रा किंवा तांबूस दिसलं तर ते पावसाआधी करायचंच, कारण कंपनीतून येणारा सगळा रंग मिळून जेमतेम १०० ते १५० मायक्रॉन असतो, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा थोडं जास्त. तेवढं कवच गेलं की पत्र्याला कोणी वाली नाही.

तशी जागा एकच निघाली. डाल्याच्या, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाच्या, आत डाव्या कोपऱ्यात, फाळक्याच्या (मागच्या उघडायच्या झडपेच्या) बिजागरीजवळ, जिथे टाक्यांची खालची कडी घासते, तिथे वीतभर पत्रा उघडा पडला होता आणि कडेनं लालसर झाला होता. प्रत्येक ऑर्डरनंतर डाला धुवावा लागतो, ताक सांडतं, वरण सांडतं, लोणच्याचं खारं पाणी सांडतं, आणि सगळं वाहत जाऊन त्याच कोपऱ्यात साचतं. आंबट आणि खारट एकत्र आलं की लोखंड किती लवकर खातं हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी जागा डाव्या दारावर. फेब्रुवारीत एका गार्डनच्या गेटचा खांब लागला, पुरीएवढा पोचा आला, पण रंग कुठेही तडकला नव्हता, त्यावर नख सरळ सरकत होतं. असा पोचा आतून दाबून निघतो, रंग न करता, तसं काम करणारा कारागीर १,२०० रुपये सांगत होता. तरी आम्ही तो पोचा ठेवायचाच असं ठरवलं, कारण त्या दारावर आमचं नाव आहे. म्हणजे होतं.

हे नाव स्टिकर नव्हतं. गाडी आली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी मल्हारगंजातल्या एका जुन्या पेंटरकडून दोन्ही दारांवर हातानं लिहून घेतलं होतं, लाल अक्षरं, त्याला पिवळी किनार, खाली फोन नंबर. दोन दिवस लागले होते. सासरे खुर्ची टाकून बाजूला बसून होते, "ऊ"ची शेपटी जरा लांब ओढा म्हणाले तेही मला आठवतंय. गेल्या वर्षी ते गेले. पेंटर काका आहेत, पण त्यांचा हात थरथरतो, त्यांनी ब्रश सोडलाय. लोक आम्हाला त्या दारावरून ओळखतात, किती ऑर्डरी नुसत्या सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीवरचा नंबर वाचून आल्यात.

म्हणून १२ जूनला गाडी दिली तेव्हा मी जॉब कार्डवर उभं राहून लिहून घेतलं, "डाल्याचा कोपरा व बिजागरी, गंज काढून प्राइमर व पेंट. डाव्या दाराला हात लावायचा नाही." एस्टिमेट २,८०० रुपये. या जॉब कार्डचा फोटो माझ्याकडे आहे, सोबत पाठवतेय.

तुमचे अॅडव्हायझर तेव्हाच म्हणत होते, "मॅडम, क्लेम में सब नया हो जाएगा, आपकी जेब से कुछ नहीं जाएगा." मी त्यांना नाही म्हटलं, आणि का नाही तेही सांगितलं. मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत बंपर, बोनेट, साइडचा पत्रा आणि रंगाचं काम धरत नाहीत, त्यासाठी जादा प्रीमियम भरून आयएमटी २३ नावाचं जोडकलम घ्यावं लागतं. आमच्याकडे ते आहे, पण आम्ही ते मोठ्या ठोकरीसाठी घेतलंय, पुरीएवढ्या पोच्यासाठी नाही. शिवाय क्लेम केला तरी सगळे पैसे मिळतच नाहीत, रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा कापतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे एनसीबी, नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. सलग तीन वर्षं क्लेम नाही म्हणून गेल्या ऑक्टोबरला आम्हाला ३५ टक्के सूट मिळाली, या ऑक्टोबरला ४५ मिळाली असती, पुढच्या वर्षी ५०. एक क्लेम केला की हे सगळं शून्यावर. एवढं सगळं बोलून मी घरी आले.

दोन दिवसांनी दुपारी फोन आला, सर्व्हिसचा ओटीपी आलाय तो सांगा. मी तेव्हा साडेतीनशे पानांच्या ऑर्डरीत होते, कढईत तूप तापलेलं, मी मेसेज पूर्ण न वाचता आकडा सांगितला. ती चूक माझी, मान्य करते. पण ओटीपी कशाचा आहे हे खोटं सांगून घेणं ही कुणाची चूक? आणि क्लेम फॉर्मवर जी सही आहे ती माझी नाही, ती कुणी केली ते तुम्हीच शोधून मला कळवा.

१९ जूनला दीर गाडी घेऊन आले आणि मी अंगणात आले तर डावं दार कोरं. पांढरं फटक, त्यातही केबिनच्या बाकी पांढऱ्यापेक्षा वेगळं, उन्हात पिवळट मारतं. मी फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारावर लावून पाहिलं. उजव्या दाराला चिकटतं, डाव्या दारावर पोच्याच्या जागी आणलं की घसरून खाली पडतं, म्हणजे आत जाड पुट्टी आहे. पुढे ट्रान्सपोर्ट नगरला एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर होतं, त्यानं उजवीकडे १२० दाखवलं आणि डावीकडे ६४० मायक्रॉन. तो म्हणाला ताई, हे बघून कुणीही ठोकलेली गाडी समजणार आणि भाव पाडणार. नुसत्या पोच्याला कुणी विचारलंही नसतं.

आणि डाल्याचा कोपरा? त्यावर नुसता काळा रंग फासलेला, खाली ना घासलेलं ना प्राइमर. तीन-चार पाऊस झाले आणि रंगाला पापडासारखे फोड आले. महालक्ष्म्यांच्या ऑर्डरीच्या दिवशी मी एक फोड नखानं दाबला तर अख्खा पापुद्रा निघून आला आणि खालून तांबडं पाणी. जूनला वीतभर होतं ते आता हातभर झालंय, बिजागरीच्या बोल्टपर्यंत पोचलंय, आणि त्या फाळक्याच्या भरवशावर आम्ही भरलेल्या टाक्या नेतो.

पैशाचं सांगते. बिल लावलं १४,६००, विमा कंपनीनं दिले ९,१००, आणि गाडी सोडायच्या आधी माझ्या दिरांकडून ५,५०० घेतले. आमचा ओडी प्रीमियम, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता, ज्यावर ही सूट मिळते, तो सूट धरायच्या आधी साधारण ११,००० आहे, तो तेवढाच राहील असं धरलं तर या वर्षी ४५ टक्के गेले, पुढच्या वर्षी ५० च्या जागी २०, मग २५, मग ३५, मग ४५, अशी पाच वर्षांत मिळून १३,२०० रुपयांची सूट बुडते. ९,१०० च्या क्लेमसाठी. हाच हिशेब मी त्यांना आधी तोंडी सांगितला होता!

तुमच्याकडून मला असं हवंय की पहिलं म्हणजे १४ ऑक्टोबरला पॉलिसी संपतेय, त्याआधी तुम्ही विमा कंपनीशी बोलून त्यांचे ९,१०० परत करून क्लेम मागे घेता येतो का ते बघा, आणि नाहीच झालं तर ते १३,२०० तुम्ही द्या. माझे ५,५०० परत द्या. डाल्याचा कोपरा पत्र्यापर्यंत घासून, गरज असेल तिथे पत्रा बदलून, बिजागरी नवी टाकून नीट करा, आणि काम चालू असताना आमचे काका तिथे उभे राहतील. दाराची पुट्टी काढून शेड जुळवून रंग करा. नावाचं तुम्ही काही करू शकणार नाही, ते मला माहितीये. पेंटर काकांचा मुलगा उजव्या दारावरून ट्रेस काढून लिहून द्यायला तयार आहे, त्याची मजुरी मात्र तुम्ही द्यायची, आणि ज्यांनी जॉब कार्डवरची ओळ वाचूनही दार घासलं त्यांनी माझ्या सासूबाईंना एक फोन करावा, त्या अजून रोज सकाळी त्या दारापाशी जाऊन उभ्या राहतात.

१५ दिवस वाट बघते. त्यानंतर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, सहीची तक्रार विमा कंपनीकडे वेगळी करीन, कागद सगळे तयार आहेत. जॉब कार्ड, बिल, दाराचे आधीचे आणि नंतरचे फोटो, मीटरचे आकडे आणि फोडांचे फोटो सोबत आहेत. माणूस पाठवायचा असेल तर सोमवार ते बुधवार गाडी घरीच असते, सकाळी ११ नंतर या, त्याआधी काका मंडीत असतात.

आपली ग्राहक
रामबाग, इंदूर