नुसतं ‘सूत्रकृमी आढळले’ लिहून भागत नाही: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

शेतातल्या माती-मुळांचा नमुना प्रयोगशाळेतून तपासून आला की अहवालात शेरा असतो: ‘मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (धाग्यासारखे सूक्ष्म कृमी) आढळले.’ खाली औषधाचं नाव. सूत्रकृमी कोणत्या जातीचे, हे मात्र नसतं. या पत्राचं कारण तेवढंच.

टोमॅटोचं घ्या. प्रतिकारक वाणांत बहुधा ‘एमआय’ हे जनुक असतं. गाठी करणाऱ्या सूत्रकृमींच्या मेलॉयडोगायनी या कुळातल्या इन्कॉग्निटा, जावानिका आणि अरेनारिया या जातींना ते रोखतं. त्याच कुळातल्या हॅप्ला आणि एन्टरोलोबी यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं तरी ते ढिलं पडतं. मग प्रतिकारक वाणाला गाठी आल्या, तर दोष उष्णतेचा की जातीचा? ते कळत नाही आणि बियाणंवाला फुकट शिव्या खातो. (कधीकधी फुकट नसतात, ती गोष्ट वेगळी.) फेरपालटाचंही तेच. भुईमुगावर इन्कॉग्निटाची सहसा उपासमार होते, पण अरेनारियाचा ‘रेस-१’ हा उपप्रकार त्यावर पोसतो.

जात ओळखायच्या जुन्या पद्धतीला मी नावं ठेवत नाही. गाठ सुईने उकलायची, आतली टपोरी पांढरी मादी न फोडता काढायची, तिच्या मागच्या टोकाची कातडी कापून साफ करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेषांची ठेवण पाहायची, अंगठ्याचा ठसा पाहावा तशी. पण एकाच जातीत ही ठेवण बदलते, आणि एन्टरोलोबीची तर इन्कॉग्निटाशी इतकी मिळते की भलेभले फसतात. एन्टरोलोबीचं वर्णन १९८३ मध्ये चीनमधल्या नमुन्यांवरून झालं; पोर्तो रिकोत सापडलेल्या सूत्रकृमीला १९८८ मध्ये ‘मायाग्वेन्सिस’ म्हणून नवी जात ठरवलं गेलं. पुढे दोन्ही एकच निघाले. शिवाय मातीच्या नमुन्यात हाती लागतात ती बहुतेक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची पिल्लं, आणि त्यांच्या अंगावर या रेषाच नसतात.

डीएनए सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमाने वाचून जात ओळखायला, असं एक पिल्लू पुरतं. मात्र यंत्र घेतलं की काम झालं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नेहमी वाचला जाणारा डीएनएचा ‘आयटीएस’ हा भाग एन्टरोलोबी वेगळी काढतो; इन्कॉग्निटा, जावानिका आणि अरेनारिया यांच्यात मात्र गोंधळ घालतो. या तिन्ही जाती संकरातून आलेल्या, मीलनाशिवाय वाढणाऱ्या. त्यांच्यासाठी मायटोकाँड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या) डीएनएचा ‘नॅड-५’सारखा भाग वाचावा लागतो आणि तिथेही फरक मोजक्याच अक्षरांचा. त्यात सार्वजनिक डेटाबेसमधल्या काही नोंदींवर जातीचं नावच चुकीचं असतं. म्हणून खात्रीने ओळखलेले नमुने जपून ठेवणारा संग्रह हवा आणि मादी कापता येणारा माणूसही हवा. तो निवृत्त झाला की जागा रिकामी ठेवू नका.

प्रत्येक शेताचा नमुना सिक्वेन्स करा, असं माझं म्हणणं नाही. ती पैशांची नासाडी होईल. रोपवाटिकांपासून सुरुवात करा, विशेषतः पेरूच्या. एन्टरोलोबी पेरूची बाग उद्ध्वस्त करते आणि पिशवीतल्या मातीबरोबर ती नव्या जमिनीत पोचते. त्यानंतर प्रतिकारक वाण फसलेली शेतं आणि बाहेरून येणारी लागवडीची सामग्री घ्या.

आणि अहवालाच्या नमुन्यात दोन रकाने वाढवा: जात, आणि ती कशावरून ठरवली. ठरली नसेल तर ‘जात निश्चित नाही’ असं स्पष्ट लिहायला लावा. याला नवं यंत्र लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

कळावे,
सूत्रकृमींचा एक अभ्यासक